आगाऊ भरलेली रोजनिशी

ठीकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी चांगलं चारचौघांसारखं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त कंपनीच्या ओळखपत्रावर उरलं होतं, आणि ओळखपत्र ग्रीसने इतकं माखलं होतं की तिथेही वाचता येत नव्हतं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत बावीस वर्षं नोकरी झाली. एवढ्या वर्षांत कुणी काहीही विचारलं तरी या गृहस्थाच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा. लिफ्ट कशी चाललीय? ठीक. जेवण कसं झालंय? ठीक. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं म्हणे? ठीक. लग्नाच्या दिवशी फोटोवाला म्हणाला, "जरा नवरीकडे बघून काहीतरी बोला हो," तर हा बाबा नवरीकडे बघून "ठीक" म्हणाला. बायको ती गोष्ट अजून विसरलेली नाही. मी म्हणतो, का विसरावी?

तर अशा माणसाला त्याच्या आत्याने रोजनिशी आणून दिली.

आत्या त्याच इमारतीत दोन मजले खाली एकटी राहायची. ठीकराव पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कामानिमित्त सदा बाहेरगावी. पोराला वाढवलं ते आत्याने. ती बस डेपोत वेळापत्रकं बनवायची. मोठा चार्ट, लाकडी पट्टी आणि तीन रंगांची शाई, असं चौतीस वर्षं. आत्याने सहा सात लिहिलं की बस सहा वाजून सात मिनिटांनी सुटायचीच, मग ड्रायव्हरचं पोट दुखो नाहीतर डोकं. निवृत्त झाली तशी ती रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला वर यायची, चहाचा कप पुढे ओढायची आणि विचारायची, "काय रे ठीक्या, आज काय झालं?"

"ठीक."

असं अकरा वर्षं चाललं. भिंतसुद्धा एखाद्या दिवशी कंटाळून काहीतरी वेगळं बोलली असती. शेवटी एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी आत्याने एक जाडजूड रोजनिशी टेबलावर आपटली.

"हे बघ, मला मरायच्या आधी तुझ्याकडून एक अख्खं वाक्य हवंय. ज्यातून मला कळेल की आत कुणीतरी आहे. बोलता येत नाही ना? मग लिही. आणि रोज मला वाचून दाखव."

पहिल्याच पानावर तिने नियम लिहून आणले होते, तीन रंगांत. रोज एकच ओळ, जास्तीचा हव्यास नको. वेळ ठरलेली, सहाच्या चहाची. जागा ठरलेली, जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक. पेन वहीला दोरीने बांधलेलं, म्हणजे 'पेनच सापडलं नाही' ही सबब नको. एक दिवस चुकला तर गळा काढू नये, दोन दिवस मात्र चुकवू नयेत. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत, सुंदर लिहायची गरज नाही, खरं लिहावं.

आता यात अवघड काय आहे, सांगा बरं? शेंबड्या पोराला जमेल. पण ठीकरावांनी एक जानेवारीला लिहिलं, 'ठीक.' दोन जानेवारीला, 'ठीक.' तीन तारखेला बराच वेळ पेनाचं टोक चावून लिहिलं, 'कालच्याप्रमाणे.'

"यापेक्षा खोकल्याच्या बाटलीवरचा कागद वाचायला बरा," आत्या म्हणाली आणि चहा अर्धा टाकून खाली निघून गेली. अकरा वर्षांत तिने चहा कधी टाकला नव्हता. ठीकरावांच्या जिवाला ते फार लागलं.

रविवारी ते रोजनिशी घेऊन बसले, आणि इथेच सगळा घोळ झाला. घोळ कळायचा तर त्यांच्या धंद्यातली एक रीत माहीत हवी. प्रत्येक लिफ्टच्या वर मशीनची एक खोली असते आणि तिथे भिंतीवर एक कार्ड टांगलेलं असतं. महिन्याच्या महिन्याला त्यावर नोंद करायची. ब्रेक, दोर, तेल, दरवाजा, घंटा, शेवटी सही. पण काम केल्यावर हात काळे, आणि काळ्या हातांनी लिहिलं की कार्ड काळं. मग साहेब ओरडणार. म्हणून त्या कंपनीतले सगळे मेकॅनिक जानेवारीतच स्वच्छ हात धुऊन बारा महिन्यांच्या नोंदी एकदम करून टाकायचे. तुम्ही म्हणाल, ही तर फसवणूक झाली. अजिबात नाही! कारण एकदा लिहिलं की ते इमानेइतबारे करायचं. कार्डावर मार्चमध्ये दोर बदलला असं असेल तर मार्चमध्ये दोर बदलायचाच, मग तो कितीही धडधाकट असो. बावीस वर्षांत ठीकरावांची एकही नोंद खोटी ठरली नव्हती. कंपनीचे आणखी दोनच नियम होते. कार्डावर खाडाखोड नाही. आणि चुकून काही वेगळं घडलंच, तर त्याच्या खाली वेळ घालून, सही करून नवी नोंद करायची. खालची नोंद खरी धरायची.

तर या भल्या माणसाने साबणाने हात धुतले, आणि नाश्त्यानंतर बसून संध्याकाळपर्यंत अख्खं वर्ष लिहून टाकलं.

बायकोला वाटलं, मनातलं बाहेर पडतंय. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" विचारायची. नवऱ्याला असं पानामागून पान लिहिताना पाहून तिला भरून आलं. ती चोरपावलांनी वावरली, मिक्सरसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सहाच्या चहाला ठीकराव रोजनिशी उघडायचे आणि त्या तारखेचं पान खणखणीत वाचून दाखवायचे. "साहेबांनी खांद्यावर थाप मारली." आता साहेब काय आपण होऊन थाप मारणार? ठीकराव दिवसभर साहेबांच्या पुढेमागे खांदा घेऊन फिरले होते. शेवटी साहेबांनी त्यांना बाजूला सारायला हात लावला, तो त्यांनी थाप म्हणून धरला. पण आत्याला हे कुठे ठाऊक? ती आपली खूश. बोटांवर शब्द मोजायची. "चार शब्द! बघ, सवयीने काय होतं ते."

फेब्रुवारीच्या दोन तारखेला लिहिलं होतं, 'दाढ दुखली. काढली.' दाढ काही दुखेना. ठीकरावांनी सकाळपासून बर्फ चावला, सुपारीएवढा खडीसाखरेचा खडा फोडला. दात म्हणजे दगड! दुपारी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"दाढ उत्तम आहे," डॉक्टर आरसा आत घालून म्हणाले. "अशी दाढ मला असती तर बरं झालं असतं. काढायची कशाला?"

"आज दोन तारीख आहे," ठीकराव म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं, दटावलं, शेवटी कागदावर सही घेतली आणि डोळे मिटून काढली. दुखली मात्र नंतर चांगली तीन दिवस, त्यामुळे नोंद दोन्ही बाजूंनी खरी झाली. फक्त क्रम उलटा झाला, आणि ते ठीकरावांना बरेच दिवस खात होतं.

मार्चमध्ये छत्री हरवायची होती. ती बसमध्ये ठेवली, तर एक बाई दोन स्टॉप धावत आल्या. न्हाव्याच्या दुकानात ठेवली, तर न्हावी कात्री हातात घेऊन घरापर्यंत. जगात इतकी भली माणसं असतात हे एरवी कळत नाही, काहीतरी हरवायला निघालं की कळतं. शेवटी शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यामागे छत्री खुपसताना बायकोनेच त्यांना पकडलं.

"अहो, हे काय चाललंय?"

ठीकरावांनी निमूटपणे रोजनिशी दाखवली. बायकोने मार्च पाहिला, मग एप्रिल, मग जुलै, आणि मटकन खुर्चीत बसली. "हात टेकले मी तुमच्यापुढे! ही रोजनिशी आहे की वर्षाचं भविष्य? डिसेंबरपर्यंत लिहून ठेवलंय!"

"ठीक."

"कसलं डोंबलाचं ठीक!" ती कडाडली. आत्याला सांगायला ती उठलीसुद्धा होती. पण वही मिटताना तिचा अंगठा बावीस मेवर पडला. तिथे लिहिलं होतं, 'हिने केस कापले. छान दिसले.' तिने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता, तोही दोन महिने आगाऊ. ती आत गेली, आरशासमोर केस वर धरून उभी राहिली, आणि आत्याला काहीच सांगितलं नाही. बावीस मेला तिने केस कापले. छान दिसले हो खरंच.

पुढचं काय सांगू? तेवीस एप्रिलला 'लिफ्टमध्ये अडकलो. पाऊण तास' असं होतं. ठीकरावांनी देखभाल केलेली लिफ्ट स्वतःहून कशी अडकेल? मग त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे आतलं लाल बटण दाबलं आणि खाली मांडी घालून बसले. नेमके आत दातांचे डॉक्टर होते. त्यांनी ठीकरावांना ओळखलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धोक्याची घंटा बडवली. घंटा कंपनीत वाजली. कंपनीने जवळच्या मेकॅनिकला फोन लावला, आणि तो ठीकरावांच्या खिशात वाजला.

"ठीकराव, लिफ्ट अडकलीय, ताबडतोब पोचा!"

"पोचलोय."

"शाब्बास! कुठे आहात?"

"आत."

"अहो, मग चालू करा ना," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

ठीकरावांनी घड्याळ पाहिलं. "अजून एकवीस मिनिटं."

जूनमध्ये मेहुणे आले. रोजनिशीत 'मेहुणे आले. भांडण झालं. मिटलं' असं होतं, पण मेहुणे म्हणजे देवमाणूस. त्यांच्याशी भांडायला ठीकरावांना सकाळपासून संध्याकाळ झाली. शेवटी बायकोने मधे पडून भांडण लावून दिलं, आणि मग ते मिटवताना तिघांच्याही नाकी नऊ आले. असं करत करत वर्ष ओळीवर चालत होतं. आत्या खूश, बायको हसून हसून बेजार, आणि ठीकरावांना तर वाटायला लागलं होतं की इतकं काही आपल्या आयुष्यात याआधी घडलंच नव्हतं.

नोव्हेंबरची पाच तारीख उजाडली. ठीकरावांचा शिरस्ता होता, पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी आधी पाहून घ्यायच्या, म्हणजे लागणारं सामान जमवता येतं. त्यांनी पानं उलटली. सोळा, 'नवे बूट चावले.' सतरा, 'कुत्रा मागे लागला.' अठरा, 'ठीक.' आणि एकोणीस नोव्हेंबरला त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'आत्या वारली.' वीस तारखेच्या माथ्यावर एवढंच, 'दहा दिवस लिहायला सुचलं नाही.' आणि तिथून पुढे दहा पानं कोरी.

जानेवारीचा तो रविवार त्यांना आठवला. बोटं सुजली होती, उजेड कमी झाला होता, ताटं मांडल्याचा आवाज येत होता, आणि अजून सहा आठवडे उरले होते. दहा पानं कोरी सोडावीत असं मनात आलं. पण नोंदवहीत कारणाशिवाय कोरी जागा सोडायची नसते, आणि कारण तर असं हवं की माणसाला दहा दिवस काही सुचणार नाही. ताप? तीन दिवसांत उतरतो. घराला आग? दोन दिवस धावपळ आणि मग लिहायला उलट विषय. पेनाने मग जे लिहायचं ते आपोआप लिहिलं, आणि हे महाशय जेवायला उठले!

आठवडाभर अन्न गोड लागेना. कुत्रा वगैरे शोधायचं भान राहिलं नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी ते पान दाखवलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, यात घाबरण्यासारखं काय आहे? जे घडलं ते तुम्हीच घडवलंत. दाढ तुम्ही स्वतः जाऊन उपटून आणलीत!"

"पण उपटली ना?" ठीकराव म्हणाले. "आजवर एकतरी नोंद खोटी ठरली?"

"मग पान फाडा."

फाडा! ठीकरावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारीने पुढे विषय काढला नाही.

बारा तारखेला चहाच्या वेळी त्यांचा आवाजच फुटेना. आत्याने दोन मिनिटं वाट पाहिली, मग त्यांच्या हातातून रोजनिशी ओढून घेतली. दोरीला बांधलेलं पेन कपात पडलं. तिने आजचं पान पाहिलं, उद्याचं पाहिलं, आणि शांतपणे चष्मा पुसून एकेक पान उलटत एकोणीसपर्यंत गेली.

"वेळ कुठाय?" आत्या म्हणाली.

"अं?"

"किती वाजता? सकाळी की दुपारी? एवढी महत्त्वाची नोंद आणि वेळच नाही! असलं वेळापत्रक मी डेपोत लावलं असतं तर लोकांनी मला दगड मारले असते."

"आत्या, अगं, ते चुकून..."

"चुकून? सगळं वर्ष ओळीवर धावलं आणि माझीच तेवढी फेरी रद्द? ते काही नाही. चौतीस वर्षांत माझी एक गाडी रद्द झाली नाही." मग ती जरा थांबली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण दहा दिवस का रे? मेहुण्याचं भांडण तू दुसऱ्याच दिवशी विसरलास. माझे दहा का?"

ठीकरावांनी पेन कपातून काढून पुसलं. "ठीक," ते म्हणाले. आत्याने मान हलवली आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या भिंतीवर चार्ट लागला. लाल शाईत परत करायच्या वस्तू, निळ्या शाईत देऊन टाकायच्या, काळ्या शाईत भेटायची माणसं. वाचनालयाची पुस्तकं गेली. कुकर पहिल्या मजल्यावर गेला, पातेली तिसऱ्या मजल्यावर. पेपरवाल्याला तिने वीसपासून टाकू नको असं बजावलं, आणि त्याने कारण विचारल्यावर कारणही सांगितलं. तेव्हापासून तो पेपर दारात ठेवून पळत सुटायचा. तब्येत विचाराल तर ठणठणीत! जिन्याने चढउतार करत भांडी वाटत होती बाई. आणि ठीकराव? ते रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या मशीनच्या खोलीत चढून, दार लावून, मोटरच्या आवाजात हमसून हमसून रडत होते. आपल्या हाताने आत्याला मारून ठेवलं, वर आता हातच बांधलेले. असं कुणाला सांगणार?

एकोणीस तारखेला ते सात वाजता रोजनिशी आणि हत्यारांची पिशवी घेऊन आत्याकडे हजर झाले. पिशवी कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत्या इस्त्रीचे कपडे घालून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर छोटी बॅग, बॅगेत पाण्याची बाटली.

"प्रवासात लागते," ती म्हणाली.

बायकोनेही दुकानातून रजा घेतली होती. तिघं बसले. दर पंधरा मिनिटांनी ठीकराव आत्याची नाडी बघायचे. दहा वाजले, अकरा वाजले. बाराला आत्या म्हणाली, "पाच तास लेट," आणि नापसंतीने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजता तिला भूक लागली. घरात पातेलं नाही, की ताट नाही. बायकोने वरून जेवण आणलं. आत्या पोटभर जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि "शेवटचंच आहे, घे मेलं" असं स्वतःलाच म्हणाली. तीन वाजता ती कुरकुरायला लागली की या हिशेबाने आपण केसही धुऊन घेतले असते.

सव्वाचारला ठीकरावांनी मान वर केली तर आत्याची मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, हातातली बॅग पायाशी पडलेली.

"आत्या!"

हालचाल नाही. नाडी बघायची तर स्वतःचीच बोटं इतकी थरथरत होती की नाडी कुणाची ते कळेना. आणि तेवढ्यात त्या शांत खोलीत आत्या जोरात घोरली.

बावीस वर्षांत ठीकराव कधी इतके चपळ झाले नसतील. त्यांनी रोजनिशी ओढली, एकोणीसचं पान उघडलं आणि 'आत्या वारली'च्या खाली घाईघाईने लिहिलं, 'दुपारी ४.१७. पाहणी केली. आत्या चालू स्थितीत. घोरते आहे.' आणि सही ठोकली. खालची नोंद खरी! कंपनीचा नियम! इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही? ते उभे राहिले आणि बायकोला मिठी मारली. ती बिचारी गोंधळून गेली.

गडबडीने आत्या जागी झाली. तिने हात पुढे केला, नोंद वाचली आणि तिचा पारा चढला.

"चालू स्थितीत? मी काय लिफ्ट आहे? आणि घोरते कोण? मी घोरत नाही. ही नोंद मी मान्य करणार नाही. याच्या खाली नीट लिही, नाहीतर वरचीच खरी धर आणि मी बसते वाट बघत."

ठीकरावांनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी लिहिलं, 'आत्या खिडकीजवळ बसली आहे आणि माझ्यावर चिडली आहे.'

"पुढे," आत्या म्हणाली.

'ती सात वाजल्यापासून बसली आहे. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना अजून लाल शाई लागली आहे.'

"पुढे. दहा दिवस का, ते लिही."

पेन थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. बायको उठून दुसऱ्या खोलीत जायला निघाली, तर ठीकरावांनी तिला हाताने थांबवलं. मग ते मान खाली घालून लिहायला लागले, ते पान संपलं तरी लिहीत राहिले. वीस तारखेच्या कोऱ्या पानावर गेले.

'आई गेली तेव्हा मी दहा दिवस बोललो नव्हतो. आत्या रोज संध्याकाळी कामावरून आली की माझ्यासमोर जमिनीवर बसायची आणि विचारायची, काय रे, आज काय झालं? मला काही सांगता यायचं नाही. ती आत जाऊन रडायची, मला ऐकू यायचं. अकराव्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी ठीक म्हणालो. ती हसली. तिला बरं वाटलं, म्हणून मी तोच शब्द ठेवला.'

आत्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. "अरे गाढवा," ती म्हणाली. बराच वेळ ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, एवढ्या मोठ्या टक्कल पडलेल्या माणसाच्या. मग तिने घड्याळ पाहिलं. सहा वाजत आले होते.

"चहा टाका कुणीतरी. आणि पातेलं वरून आणा, माझं तिसऱ्या मजल्यावर आहे."

आता ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खालची नोंद खरी म्हटलं की दुसऱ्या दिवशीही खाली नोंद हवी ना? एखादा दिवस चुकला आणि वरची लागू झाली तर? हा धोका कोण पत्करणार? ठीकराव वीस तारखेला सहा वाजता जिन्याने दोन मजले उतरून आत्याकडे गेले. एकवीसला गेले. ती दहा कोरी पानं गच्च भरली, डिसेंबरच्या आगाऊ नोंदींच्या खाली खऱ्या नोंदी झाल्या, आणि जानेवारीत त्यांनी नवी रोजनिशी घेतली, अगदी कोरी. आता विचारायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "काय गं आत्या, आज काय झालं?" आणि ती म्हातारी डोळे बारीक करून म्हणायची, "ठीक." मग मनसोक्त हसायची आणि तासभर बोलायची. ते सगळं ठीकराव लिहून घ्यायचे, खिडकीकडच्या टोकाला बसून, दोरीला बांधलेल्या पेनाने. अशा सात वह्या भरल्या.

आठव्या वर्षी, कुठल्याच वहीत आगाऊ लिहिलेलं नसताना, मार्चच्या एका सकाळी आत्या गेली. झोपेतच.

सगळं आटोपून घरी आल्यावर बायको म्हणाली, "आज नका लिहू. दहा दिवस तुमचे राहिलेत, ते घ्या." ठीकरावांनी मान डोलावली. पण सहा वाजले तसे ते उठले, जिन्याने दोन मजले उतरले, किल्लीने दार उघडलं आणि टेबलाशी बसले. त्यांनी लिहिलं, 'सकाळी ६.०७ च्या सुमारास आत्या वारली.' वेळ घातली, नाहीतर ती रागावली असती. सही केली. मग ते त्या ओळीच्या खालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. खूप वेळ बसले. खाली लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही ते गेले, तिसऱ्याही. एकही पान कोरं राहिलं नाही. दहाव्या दिवशी सहा वाजता बायको त्यांच्या मागोमाग खाली उतरली. हातात दोन कप होते. एक तिने त्यांच्यापुढे ठेवला, दुसरा घेऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, आणि जरा भीत भीतच म्हणाली, "काय हो, आज काय झालं?"

ठीकरावांनी पेन खाली ठेवलं. ते बोलायला लागले, आणि दोन्ही कप गार झाले तरी बोलत होते.